वर्गणीच्या पावतीआधी

येरवडा म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक तुरुंग आणि दुसरे मनोरुग्णालय. बाहेरगावच्या माणसाला फार तर पुणे करार आठवतो. सप्टेंबर १९३२ मधले गांधीजींचे उपोषण याच तुरुंगातले. पण बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्यात शिरले की झाडीत आणखी एक जुनी दगडी वास्तू आहे. ती डेक्कन कॉलेजची. १८६८ पासून ती तिथे उभी आहे. टिळक आणि आगरकर इथे शिकले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. टिळकांची खोली आजही जपून ठेवलेली आहे.

याच कॉलेजातून १९०१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव मात्र येरवड्यात कुणी घेत नाही. मुंबईत ते रोज हजारो लोक घेतात, पण माणसाचे म्हणून नव्हे, रस्त्याचे म्हणून. डिलाइल रोडचे आजचे नाव ना. म. जोशी मार्ग. हे ना. म. जोशी कोण, असे त्या रस्त्यावरून जाणाऱ्या दहा जणांना विचारले, तर दोघांनी तरी बरोबर उत्तर दिले तर नवल.

नारायण मल्हार जोशी यांचे चरित्र आज पुन्हा वाचावेसे वाटते, याला कारण आहे. कामगार बदलला की संघटनेने त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न आज सगळ्यांना पडला आहे. जोशींच्या पुढे तो शंभर वर्षांपूर्वी उभा होता. त्यांनी त्याला दिलेले उत्तर अर्धे बरोबर निघाले आणि अर्धे चुकले. दोन्ही अर्धे शिकण्यासारखे आहेत.

कोकणातून टेकडीवर

जोशींचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा. हे गोरेगाव माणगावजवळचे, मुंबईच्या लोकलचे नव्हे. शिक्षणासाठी घाट चढून ते पुण्यात आले. आधी न्यू इंग्लिश स्कूल आणि मग डेक्कन कॉलेज. तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा होता. १८९७ साली रँडचा खून झाला तेव्हा जोशी अठरा वर्षांचे होते. पुण्यातल्या त्या पिढीला शांतपणे अभ्यास करणे परवडण्यासारखे नव्हते. कुणी टिळकांच्या वाटेने गेले, कुणी गोखल्यांच्या.

जोशी पदवीनंतर काही वर्षे शिक्षक होते. १९०९ साली ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखल्यांनी १९०५ साली काढलेली ही संस्था म्हणजे एक प्रकारचा ऐहिक संन्यासच होता. सभासदाने आयुष्य संस्थेला द्यायचे, संस्थेने त्याच्या संसारापुरते मोजके मानधन द्यायचे. आधी अभ्यास करायचा, माहिती जमवायची आणि मग बोलायचे, ही गोखल्यांची शिस्त. जोशींच्या स्वभावाला ती इतकी मानवली की ती त्यांना जन्मभर पुरली.

परळच्या चाळीत

समाजाने जोशींना मुंबईत धाडले. गिरणगाव तेव्हा भरात होते. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा जणांच्या संगतीने राहत होता. त्याला नोकरी मिळे ती जॉबरच्या मेहेरबानीने आणि टिके तीही त्याच्याच मर्जीने. भरती जॉबर करी, खाडा तो मांडी आणि दस्तुरीही तोच घेई. गावचा असला तर खोली आणि खानावळही तोच बघून देई. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, आणि तीही सुधारणा समजली गेली.

कामगारांसाठी बोलणारे कुणीच नव्हते असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या होत्या आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली होती. आज आपण ही पुरवणी निवांत वाचतो, त्यात लोखंड्यांचाही वाटा आहे. पण १८९७ साली प्लेगने त्यांना नेले आणि त्यांचे काम खंडित झाले. पावती, नोंदवही आणि नियमित वर्गणी असलेली संघटना अजून व्हायचीच होती.

जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. ती कामगार संघटना नव्हती. तिने रात्रशाळा चालवल्या, चाळीचाळींत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, दवाखाने उघडले, कायद्याचा सल्ला द्यायची सोय केली, सहकारी पतसंस्था काढल्या. परळचे दामोदर नाट्यगृह पुढे नाटकवेड्या मुंबईकराच्या ओळखीचे झाले, ते याच लीगचे.

या कामात नुसती दया नव्हती. कामगाराची खरी कोंडी गिरणीच्या दारात जितकी होते, तितकीच ती दाराबाहेर होते, हे जोशींनी ओळखले होते. पुढे १९२९ साली सरकारने नेमलेल्या शाही श्रम आयोगावर ते सदस्य होते. त्या आयोगाने १९३१ साली दिलेला अहवाल माझ्यासारख्या बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने जरूर वाचावा. बहुतेक औद्योगिक शहरांत दोन तृतीयांश कामगार कर्जबाजारी होते. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. ज्याचा पगार हातात पडण्याआधीच सावकाराचा झालेला असतो, तो संपावर किती दिवस टिकणार? त्याला आधी सावकाराच्या तावडीतून सोडवा, लिहायला-वाचायला शिकवा, मग तो संघटनेचा सभासद होईल. वर्गणीच्या पावतीआधी पतपेढी आणि रात्रशाळा, हे जोशींचे गणित होते.

वॉशिंग्टन आणि दिल्ली

१९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवले. त्या परिषदेत आठवड्याला ४८ तासांचा करार झाला, पण हिंदुस्थानसाठी वेगळे कलम घालून मर्यादा ६० तासांची ठेवली गेली. तरी गिरणीतल्या माणसाच्या दृष्टीने तो फायदाच होता. १९२२ च्या कारखाने कायद्यात ६० तास आले, १९३४ च्या कायद्याने ते ५४ वर आणले आणि ४८ तासांचा आठवडा आला तो १९४६ साली. या सत्तावीस वर्षांतली बरीचशी वर्षे जोशी दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त सदस्य होते. आज आपण आठ तासांचा दिवस गृहीत धरतो. तो असा एकेक तास कमी होत आलेला आहे.

वॉशिंग्टनमुळे आणखी एक प्रश्न पुढे आला. परिषदेचा प्रतिनिधी कामगारांच्या संघटनांशी विचारविनिमय करून निवडायचा, असा नियम होता. देशभरच्या संघटनांना एकत्र आणणारी संस्थाच नव्हती, तर विचारायचे कुणाला? ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष लाला लजपतराय होते. संस्थापकांत जोशी होते आणि १९२५ ते १९२९ या काळात ते तिचे सरचिटणीस होते.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र सभेतले नाही, कायद्याच्या पुस्तकातले आहे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या कामगारांची संघटना बी. पी. वाडिया चालवत होते. मालक कंपनीने वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर हायकोर्टात दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. कामगारांना संपाचा सल्ला देणे म्हणजे मालकाचे नुकसान करण्याचा कट, असा त्याचा अर्थ झाला. म्हणजे संघटना बांधणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर दाव्याची टांगती तलवार. मार्च १९२१ मध्ये जोशींनी केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला, की कामगार संघटनांना नोंदणी आणि संरक्षण देणारा कायदा करावा. ठराव संमत झाला, पण कायदा व्हायला १९२६ साल उजाडले.

त्या कायद्याने काय केले? सात माणसांनी अर्ज केला की संघटनेची नोंद होऊ लागली. तिला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व मिळाले. स्वतःच्या नावावर पैसा ठेवता येऊ लागला, हिशेब तपासून घेण्याचे आणि दरवर्षी सादर करण्याचे बंधन आले आणि संपाबद्दल पदाधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण मिळाले. कायदे, ताळेबंद, तपासनीस यांची नावे काढली की वाचकाला जांभई येते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. पण या देशात नंतर झालेली प्रत्येक नोंदणीकृत संघटना, मग झेंडा लाल असो, भगवा असो की तिरंगी, याच कायद्याच्या पायावर उभी राहिली. जोशींना शिव्या देणारीसुद्धा.

त्यांचे सगळेच ठराव तरले नाहीत. १९२४ साली त्यांनी बाळंतपणाच्या रजेचे आणि त्या काळातल्या भत्त्याचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आणले. ते फेटाळले गेले. पण विषय मेला नाही. १९२९ साली मुंबई प्रांताने असा कायदा केला. देशभरासाठी कायदा झाला तो १९६१ साली, जोशींच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

सहा महिन्यांचा संप

आता त्यांच्या चुकलेल्या अर्ध्या उत्तराकडे वळू.

१९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. संप झाला आणि कपात मागे घ्यावी लागली. त्या एकजुटीचा फायदा घेऊन जानेवारी १९२६ मध्ये जोशींनी बाँबे टेक्स्टाइल लेबर युनियन काढली. ते स्वतः अध्यक्ष झाले. नियमित वर्गणी, रीतसर पावती, तक्रारींची नोंद, मालकांशी पत्रव्यवहार. जोशींच्या स्वभावासारखीच ही नीटनेटकी संघटना होती. तिचे सभासद काही हजारांपुढे गेले नाहीत.

१९२८ साली गिरण्यांत नवी पद्धत आली. दोन साच्यांऐवजी तीन साचे एका माणसाने चालवायचे. म्हणजे तिसऱ्याचे काम दोघांवर आणि तिसरा घरी. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद राहिल्या. दीड लाख कामगार बाहेर होते. संप लवकर होऊ नये, तयारी नाही, असेच जोशींचे मत होते. पण संप झाल्यावर ते घरी बसले नाहीत. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर या तरुण कम्युनिस्टांच्या बरोबरीने ते संयुक्त संप समितीत काम करत होते. धान्यवाटपापासून वाटाघाटींपर्यंत सगळे काम या समितीने पाहिले.

पण कामगार गेला तो लाल बावट्याकडे. त्याच वर्षी निघालेल्या गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेरीस पन्नास हजारांवर पोचले. जोशींची पावतीबुके होती तिथेच राहिली.

असे का झाले? लाल बावट्याचे लोक गिरणीच्या दारात रोज उभे राहत. त्यांनी गिरणीगिरणीत कामगारांच्याच समित्या केल्या. खात्यात आज काय घडले, कुणाला काढले, कुणाचा पगार कापला याची खबर त्याच संध्याकाळी सभेत येई. जोशींची संघटना कामगारासाठी काम करत होती. या नव्या संघटनेत आपण स्वतः काही करतो आहोत, असे कामगाराला वाटत होते. रात्रशाळेत शिकलेला माणूस जोशींचा उपकार मानी, पण रागावलेला माणूस दुसरीकडे जाई. सेवेने विश्वास मिळतो, पण सभासद मिळतोच असे नाही, हे त्या वर्षी दिसले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२९ च्या मार्चमध्ये सरकारने मीरत खटल्यात लाल बावट्याचे पुढारी उचलले. त्या वर्षीचा दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि पन्नास हजारांची लाट जशी आली तशी ओसरली. संपाच्या उत्साहात भरलेला सभासद संप हरल्यावर टिकला नाही. त्याला धरून ठेवायला पतपेढी नव्हती आणि दवाखानाही नव्हता. एकाकडे घर होते आणि माणसे नव्हती, दुसऱ्याकडे माणसे होती आणि घर नव्हते.

फूट आणि जोड

१९२९ च्या अखेरीस नागपूरला ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. शाही श्रम आयोगावर बहिष्कार टाकावा, असे बहुमत झाले. जोशी तर त्याच आयोगाचे सदस्य. ते, व्ही. व्ही. गिरी आणि इतर मवाळ मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला.

सरकारने नेमलेला माणूस, सरकारचे आयोग, सरकारच्या परिषदा. जोशींवर ही टीका जन्मभर झाली आणि ती सगळीच खोटी नव्हती. देश तुरुंगात जात असताना ते गोलमेज परिषदेत कामगारांची बाजू मांडत होते. येरवड्याच्या तुरुंगात त्या वर्षांत कितीतरी कामगार पुढारी येऊन गेले असतील. जोशींचा येरवड्याशी संबंध तुरुंगाचा नाही, वर्गाचा आहे. पण एक गोष्ट त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावी लागली. बाहेर पडल्यापासून ते एकीची भाषा बोलत होते. १९३८ साली दोन्ही संस्थांची मोट बांधली गेली, १९४० साली पुरते विलीनीकरण झाले आणि सरचिटणीस म्हणून सगळ्यांना चालणारे नाव एकच निघाले, ना. म. जोशी. १९४८ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. मधल्या काळात महायुद्ध आले, बेचाळीसचे आंदोलन आले, १९४७ साली काँग्रेसच्या मंडळींनी इंटक काढली. ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्या शेजारी बसून काम करायची सवय जोशींना होती. ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

टेकडीखालचे येरवडा

डेक्कन कॉलेजच्या आवारातून बाहेर पडून येरवड्यात फिरले की आता काचेच्या इमारती दिसतात. आत संगणकावर काम करणारी मुले-मुली, दारात एजन्सीचा पहारेकरी, जिन्यावर कंत्राटदाराची सफाई कामगार बाई आणि रस्त्याकडेला मोबाइलकडे बघत पुढच्या ऑर्डरची वाट पाहणारे डिलिव्हरीचे पोरगे. चौघांचेही पोट एकाच इमारतीवर, पण मालक चार. डिलिव्हरीवाल्याला तर मालकच नाही, तो कागदोपत्री भागीदार आहे. गिरणीला भोंगा होता, दार होते. इथे संघटनेने उभे राहायचे कोणत्या दारात?

मी बँकेत अधिकारी होतो. आमच्या संघटना भक्कम होत्या. बदल्या, बढत्या, वेतनकरार, संगणकीकरण, सगळ्यावर आम्ही हिरिरीने बोलायचो. मी एका शाखेत असताना दारातला पहारेकरी एकदा पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आला. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण तो खात्यात भरला जातो की नाही, हे कुठे कळेल, एवढेच त्याला हवे होते. ती एजन्सीची बाब आहे, तिथे विचार, असे सांगून मी त्याला वाटेला लावले. त्या संध्याकाळी मी आमच्या संघटनेच्या सभेला गेलो. त्याच शाखेचे कुलूप उघडणारा-लावणारा तो माणूस आमच्या वर्गणीच्या यादीत नव्हता आणि तो असावा, असे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नाही. त्याने पुन्हा मला काही विचारले नाही. जोशींचे चरित्र वाचताना मला तो आठवला. असल्या चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्यांसाठीच तर लीगची कायदा-सल्ल्याची सोय होती.

पुण्यात दुसरी उदाहरणे आहेत, हे सुदैव. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली कष्टाची भाकर सुरू केली. स्वस्तात पोटभर जेवण देणारी संघटना हमालाला परकी वाटली नाही. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्या बायकांना महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र मिळवून दिले आणि त्यांची पतसंस्था उभी केली. या बायकांनाही कारखाना नव्हता, मालक नव्हता, दार नव्हते. पण संघटनेने त्यांच्यासाठी केले आणि त्यांच्याकडूनही करवले. मोर्चात पुढे त्याच, सभेत बोलणाऱ्याही त्याच. जोशींच्या उत्तराचा बरोबर अर्धा आणि लाल बावट्याचा बरोबर अर्धा इथे एकत्र आलेला दिसतो.

जोशींच्या ठरावातून आलेला १९२६ चा कायदा जवळजवळ शंभर वर्षे चालला. त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. ती २०२० साली मंजूर झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. त्याच वेळी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत डिलिव्हरीच्या पोरांसारख्या कामगारांचे नाव पहिल्यांदाच आले. पण कायद्यात नाव येणे आणि हातात काही पडणे, यांच्यामध्ये फॉर्म असतात, नोंदण्या असतात, हेलपाटे असतात. जोशी तो फॉर्म भरायला बसले असते, याबद्दल मला शंका नाही. फॉर्म भरून झाल्यावर त्या पोराला त्यांनी समितीवर घ्यावे, एवढेच १९२८ सालाने त्यांना सांगितले असते.

बंडगार्डनच्या पुलावरून संध्याकाळी परतताना त्या पोरांच्या मोटारसायकली ओळीने शेजारून जातात. पाठीवर मोठी चौकोनी पिशवी, हँडलवर मोबाइल. त्यातला एखादा पाय मोडून घरी बसला, तर त्याच्या घरी आज कोण जाते?